गोळीचं माप आणि राज्यकर्त्यांची धास्ती

आज आपण शिकारी रायफलीकडे वळू. आम्ही तत्त्वज्ञानाचे विद्यार्थी, नेमबाज नव्हे. पण एखाद्या वस्तूचं माप कोण ठरवतं, हा प्रश्न आम्हाला महत्त्वाचा वाटतो.

आधी साध्या गोष्टी. रायफलच्या नळीत आतून मळसूत्री खाचा असतात. त्यांमुळे गोळी स्वतःभोवती फिरत सरळ जाते. काडतुसाचे भाग चार: पितळी नळकांडं, बुडाशी टोपी, आत दारू आणि तोंडाशी गोळी. पुष्कळ लोक अख्ख्या काडतुसालाच गोळी म्हणतात. आज मात्र हा फरक लक्षात ठेवा.

१८९८ साली रिग्बी या ब्रिटिश कंपनीनं ‘४५० नायट्रो एक्स्प्रेस’ हे काडतूस आणलं. ४५० म्हणजे ०.४५० इंच, साधारण साडेअकरा मिलिमीटर. काळ्या दारूऐवजी कॉर्डाइट, आणि गोळी ४८० ग्रेनची, म्हणजे सुमारे ३१ ग्रॅमची. हत्ती-गव्यासारख्या मोठ्या जनावरांच्या शिकारीसाठी ते साहेबलोकांत लोकप्रिय झालं.

आता दुसरी बंदूक बघा. ब्रिटिश लष्करानं १८७१ मध्ये स्वीकारलेली मार्टिनी-हेन्री. तिची गोळीही ४८० ग्रेनची, व्यासही जवळपास तोच. पुढे लष्करानं नवी रायफल घेतली, तरी या जुन्या बंदुका वायव्य सरहद्दीवर आणि सुदानात अनेकांच्या हाती होत्या. शिकारी काडतूस त्यांत बसत नव्हतं. पण त्यातली गोळी काढून कुणी वापरली तर? या धास्तीपोटी १९०७ च्या सुमारास हिंदुस्थानात आणि सुदानात ४५० मापाच्या काडतुसांवर बंदी आली.

इथे एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. १८७८ च्या शस्त्र कायद्यानं हिंदी माणसाला परवान्याशिवाय हत्यार बाळगायला आधीच मनाई होती. युरोपियनांना सूट होती. तरी भीती गेली नाही. ती आता साहेबाच्याच काडतुसापर्यंत पोचली.

मग ब्रिटिश बंदूकवाल्यांनी काय केलं? ४६५, ४७०, ४७५ अशी थोडी जाड काडतुसं पुढे आणली. ४५० आणि ४७० यांच्या गोळ्यांत फरक जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा. हत्ती काही जाड झाला नव्हता! जनावर तेच, जंगल तेच, शिकारीही तोच. माप बदललं ते प्रजेच्या भीतीनं.

४७० आजही बनतं, आणि शिकारी त्याच्या ताकदीबद्दल बोलतात. आपण मात्र त्या आकड्यात १९०७ ची धास्तीही वाचली पाहिजे. तिचं मूळ १८७८ च्या कायद्यात कसं होतं, ते पुढच्या व्याख्यानात पाहू.