टप्प्यात येणे: अंतरमापक, शिकार आणि एक क्रियापद

मराठीत सावज टप्प्यात ‘येते’. या वाक्याचा कर्ता सावज आहे. शिकारी त्यात कुठे दिसत नाही. तो झाडाआड आहे, दबा धरून आहे, वाट पाहतो आहे, हे सारे आपण गृहीत धरतो. अलीकडे राजकीय भाषणांतही हा वाक्प्रचार सैलपणे वापरला जातो आणि टाळ्या घेतो. पण मुळात त्यात एक मर्यादा मान्य केलेली आहे. टप्पा ठरलेला आहे, तो हाताच्या, धनुष्याच्या किंवा ठासणीच्या बंदुकीच्या बळाइतकाच आहे, आणि जनावर आपल्या पायांनी त्यात आले तरच पुढची गोष्ट घडते. हे क्रियापद केव्हा आणि कशाने बदलले, याचा शोध घेताना आम्ही अंतरमापक, म्हणजे रेंजफाइंडर, या उपकरणाच्या इतिहासापाशी येऊन पोहोचलो. साहित्याच्या अभ्यासकांनी त्याकडे पाहावे, असे आम्हाला वाटते.

आपल्याकडील जुन्या शिकारीचे बहुतेक सारे कौशल्य अंतर मोजण्याचे नव्हे, अंतर मोडण्याचे आहे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकातील ‘मानसोल्लासा’त मृगयेला विनोदांमध्ये, म्हणजे राजाच्या करमणुकींमध्ये, स्थान आहे. जनावराच्या जवळ कसे जावे किंवा त्याला जवळ कसे आणावे, हा तिथला खरा विषय. कोल्हापूर संस्थानात काळवीट मारण्यासाठी चित्ते पाळले जात. देशातले चित्ते दुर्मिळ झाल्यावर ते आफ्रिकेतून आणवले गेले. हा चित्ता बैलगाडीतून कळपाच्या जवळ नेत, कारण रोज दिसणाऱ्या बैलगाडीला काळवीट बुजत नसे. गायपारध्यांची युक्ती याहून साधी आणि आमच्या मते अधिक बुद्धिमान: शिकवलेल्या गाईच्या आडोशाने, तिच्या चालीने, चरत चरत सरकायचे. ज्यांच्यापाशी हे ज्ञान पिढ्यान्पिढ्या होते, त्या पारध्यांवर इंग्रजी अमलात गुन्हेगार जमातीचा शिक्का बसला. 1871 चा कायदा 1952 मध्ये रद्द झाला, शिक्का मात्र कायद्यासोबत गेला नाही. राजाची मृगया ग्रंथात गेली आणि पारध्याची पोलिसांच्या दप्तरात.

वाघाच्या शिकारीचेही तेच. मचाण, बांधलेला रेडा, हाका, ही सगळी व्यवस्था वाघाला जवळ आणण्यासाठीच असे. जिम कॉर्बेटचे ‘मॅन-ईटर्स ऑफ कुमाऊं’ 1944 मध्ये ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसने मुंबईतूनच प्रथम काढले. त्यातील चौगडची वाघीण 1930 साली पडली ती अवघ्या काही फुटांवर. कॉर्बेटच्या एका हातात पक्ष्याची अंडी होती आणि रायफल दुसऱ्या हाताने वळवावी लागली. या पुस्तकाची पकड कशात आहे, असे विद्यार्थ्यांना विचारावे. उत्तर अंतरात आहे. ज्या अंतरावरून माणूस वाघाला मारू शकतो, त्याच अंतरावरून वाघही माणसाला मारू शकतो. कथेचा ताण या समानतेतून येतो. चारशे मीटरवरून मारलेल्या वाघाची कथा कॉर्बेटलाही लिहिता आली नसती.

अंतर मोजण्याची गरज शिकाऱ्याला नव्हे, सैन्याला पडली. 1888 मध्ये ब्रिटिश युद्धखात्याने पायदळासाठी अंतरमापक हवा अशी जाहिरात दिली. लीड्समधील दोन प्राध्यापकांनी, अभियांत्रिकीचे आर्चिबाल्ड बार आणि पदार्थविज्ञानाचे विल्यम स्ट्राउड यांनी, ती मनावर घेतली. पायदळाने त्यांचे उपकरण नाकारले, पण 1892 मध्ये आरमाराने ते स्वीकारले. रचना शाळेतल्या भूमितीची होती. एका नळीच्या दोन टोकांना दोन खिडक्या. दोन्हींतून दिसणाऱ्या प्रतिमा एकमेकींशी जुळवायच्या. जुळवताना जो कोन फिरवावा लागला त्यावरून त्रिकोणाची उंची, म्हणजे लक्ष्याचे अंतर, काढायचे. त्रिकोणाचा पाया नळीएवढाच असल्याने अंतर दुप्पट झाले की चूक चौपट होई. म्हणून जहाजांवरच्या नळ्या लांबत गेल्या. खांद्यावर बंदूक टाकून रानात शिरणाऱ्या माणसाच्या कामाची ही वस्तू नव्हती.

1960 मध्ये थिओडोर मेमनने पहिला लेसर चालवून दाखवला आणि त्रिकोणाची गरज संपली. आता प्रकाशाचा ठोका पाठवायचा आणि तो परत यायला किती वेळ लागतो ते मोजायचे. तीनशे मीटरवरच्या हरणापर्यंत जाऊन परतायला प्रकाशाला सेकंदाचे दोन दशलक्षांश लागतात. आधी रणगाड्यांवर बसलेले हे तंत्र 1990 च्या दशकात तळहातावर मावू लागले. त्यानंतरची पायरी ‘बॅलिस्टिक’ अंतरमापकाची. तो अंतर सांगून थांबत नाही. चढ-उताराचा कोन, तापमान, हवेचा दाब विचारात घेऊन नेम किती वर धरायचा तेही सांगतो. तीस अंशांच्या चढावर चारशे मीटर दूर असलेल्या जनावराचे आडवे अंतर सुमारे 346 मीटर भरते, आणि गोळीचा घसारा मुख्यतः या आडव्या अंतरावर ठरतो. पूर्वी डोंगरातल्या शिकाऱ्याचा नेम जिथे वरून जाई, तिथे आता यंत्र त्याला सावरते.

इथे क्रियापद बदलले. सावज टप्प्यात येत नाही. टप्पाच सावजापर्यंत जातो, आणि वाक्याचा कर्ता शिकारी होतो.

परदेशांत, जिथे शिकार कायदेशीर आहे, तिथे असे उपकरण निवडणाऱ्यापुढे अनेक आकडे मांडले जातात. खोक्यावरचा सर्वांत मोठा आकडा बहुधा चकचकीत फलकासाठीचा असतो. हरणाच्या मळकट कातड्यावरून परत येणारा प्रकाश फार कमी, त्यामुळे प्रत्यक्षातला पल्ला पुष्कळ घटतो. किरणही रेषेसारखा बारीक नसतो, दूर जाता जाता पसरतो आणि वाटेतल्या गवताचेच अंतर सांगून मोकळा होतो. हे दोष चांगल्या उपकरणाने कमी होतात. पण एक गोष्ट कोणतेच उपकरण मोजत नाही. सेकंदाला सुमारे आठशे मीटर वेगाने सुटलेल्या गोळीला पाचशे मीटर गाठायला जवळजवळ पाऊण सेकंद लागतो. तेवढ्यात ती दोन मीटरांहून अधिक खाली येते, आणि हा हिशेब यंत्राला येतो. तेवढ्यातच हरीण एक पाऊल पुढे टाकू शकते, आणि हा हिशेब कोणालाच येत नाही. मग गोळी काळजाऐवजी पोटात बसते. जुना शिकारी जखमी जनावराचा माग काढणे हे कर्तव्य मानी. अर्ध्या किलोमीटरवरून मारणाऱ्याला रक्ताचा पहिला थेंब शोधण्यासाठीच आधी दरी ओलांडावी लागते.

भारतात हा प्रश्न शिकाऱ्यापुढे उरलेला नाही. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आणि 1991 च्या दुरुस्तीने छंदाची शिकार संपवली. तरीही टप्पा मोजणे संपले नाही, उलट ते आमच्या दाराशी आले. विलेपार्ल्याहून फार दूर नसलेल्या, अंधेरी पूर्वेच्या शेर-ए-पंजाब वसाहतीत डिसेंबर 2017 मध्ये एका बालवाडीत बिबट्या शिरला आणि त्याला भूल देऊन बाहेर काढावे लागले. पुढच्याच महिन्यात मुलुंडला, फेब्रुवारी 2019 मध्ये ठाण्याला, तेच. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या सुमारे 104 चौरस किलोमीटरांना चोहोबाजूंनी वस्ती भिडलेली आहे. असे प्रसंग पुन्हा येणार हे उघड आहे.

भुलीची बंदूक गोळी मारत नाही, सुई असलेला डार्ट मारते, आणि तिचा पल्ला काही दहा मीटरांचा असतो. वायूचा दाब अंतर पाहून ठरवावा लागतो. दाब कमी पडला तर डार्ट वाटेतच गळतो. अधिक झाला तर तो मांसात न रुतता आत घुसतो, हाड मोडतो, बरगड्यांत शिरला तर जनावर मरते. येथे दोन हजार मीटरचा आकडा निरुपयोगी आहे. पाचशे मीटरवर एका मीटरची चूक क्षुल्लक. पंधरा मीटरवर तीच चूक पंधरावा हिस्सा. म्हणून येथे निवडायचे उपकरण वेगळे: अगदी जवळचे अंतरही सांगणारे, खिडकीच्या गजांनी किंवा पावसाच्या सरीने न फसणारे, आवाज न करणारे. खालच्या गर्दीने आधीच बिथरलेल्या बिबट्यासाठी आणखी एक टिकटिक नको.

आणि या टप्प्यात बिबट्या येत नाही, पशुवैद्यच बिबट्याच्या टप्प्यात जातो. डार्ट लागल्यावर औषध चढायला काही मिनिटे जातात. त्या काही मिनिटांत कॉर्बेटच्या पानांवरची समानता पुन्हा अवतरते, पण आता मारण्याचा हेतू कोणाचाच नसतो.

सगळीकडे हे असे घडत नाही. यवतमाळ जिल्ह्यात 13 माणसांच्या मृत्यूंचा ठपका असलेल्या टी-1 वाघिणीबाबत आदेश होता तो आधी भूल द्यावी, ते न साधल्यास मारावे, असा. 2 नोव्हेंबर 2018 च्या रात्री ती गोळीने मारली गेली. तिच्या देहात एक डार्टही आढळला. नंतर जे प्रश्न मध्यवर्ती ठरले ते सारे शिकारकथेतलेच होते: वाघिणीचे तोंड कोणत्या बाजूला होते, ती अंगावर येत होती की जात होती, डार्ट खरोखर बंदुकीतून सुटला होता का. पारधी आणि कॉर्बेट यांच्यानंतरही चौकशीचा सारा भर एकाच क्रियापदावर आला, वाघीण टप्प्यात आली की तिला टप्प्यात घेतले गेले.