नाशिकच्या द्राक्षाला उन्हाळ्यात नको असलेलं जिबरेलिन हिवाळ्यात हवंसं का होतं?

जानेवारी उजाडला की बाजारात द्राक्षं दिसायला लागतात आणि फोनवर तो मेसेजही येतो: 'द्राक्षं खाऊ नका, इंजेक्शन देऊन फुगवलेली असतात.' मेसेज अर्धवट आहे. एका घडात शंभराच्या आसपास मणी असतात आणि एकरात हजारो घड, त्यामुळे मण्याला सुई टोचणं कुणालाच परवडणार नाही. पण बिनबियांच्या द्राक्षांचे मणी मोठे करायला एक संप्रेरक वापरतात, हे मात्र खरं आहे. निफाड, दिंडोरी, चांदवडच्या बागांत त्याला 'जीए' म्हणतात. पूर्ण नाव जिबरेलिक अॅसिड.

गंमत अशी की हेच जिबरेलिन वेलीत उन्हाळ्यात वाढलं तर बागायतदाराच्या पोटात गोळा येतो. तेव्हा ते कमी करण्यासाठी दुसरं रसायन फवारलं जातं. एकच रेणू सहा महिन्यांच्या अंतराने शत्रू आणि मित्र कसा होतो, हे कळलं की द्राक्षबागेतलं निम्मं गणित कळतं. फोनवरचा मेसेज नेमका कुठे चुकतो तेही लक्षात येतं.

मणी मुळात लहान का असतो?

नाशिकच्या बागांत वर्षानुवर्षं थॉमसन सीडलेस आणि तिच्यापासून निवडलेल्या जाती लावल्या गेल्या. थॉमसनमध्ये परागीभवन होतं, फलनही होतं. पण नंतर बीजातला गर्भ वाढायचा थांबतो आणि बी तिथेच विरून जाते. मणी कापून नीट पाहिला तर बियांच्या जागी बारीक मऊ खुणा दिसतात.

खाणाऱ्याला हे बरं असलं तरी मण्याला महागात पडतं. कारण वाढणारी बी स्वतः जिबरेलिन तयार करते आणि भोवतालच्या गराला 'वाढ' असा निरोप देते. बी नाही म्हणजे निरोप नाही, म्हणून मणी बारीक राहतो. बागायतदार बाहेरून जीए देतो तेव्हा न झालेल्या बीचं काम तो करत असतो. बी असलेल्या द्राक्षात हे संप्रेरक आतूनच तयार होतं.

निर्यातीच्या द्राक्षाला साधारण १६ ते १८ मिलिमीटर व्यासाचा मणी लागतो. हिशेब करून पाहा. १२ मिलिमीटरचा मणी १८ मिलिमीटरचा झाला, तर व्यास दीडपट झाला, पण आकारमान जवळपास ३.४ पट झालं. बाजारभावात फरक पडतो तो इथे.

हा शोध लागला भाताच्या रोगातून

जपानमध्ये भाताच्या रोपांचा एक रोग शेतकऱ्यांना फार पूर्वीपासून माहीत होता. काही रोपं शेजाऱ्यांपेक्षा भराभर उंच व्हायची, फिकट पडायची आणि दाणा न धरताच कोलमडायची. जपानी शेतकरी त्याला 'बाकानाए' म्हणजे 'वेडं रोप' म्हणत.

१९२६ मध्ये तेव्हा जपानच्या ताब्यात असलेल्या तैवानमध्ये एइची कुरोसावा यांनी दाखवलं की हा रोग करणारी बुरशी ज्या द्रावणात वाढवली, ते गाळून बुरशीविना रोपांना दिलं तरी रोपं तशीच उंच होतात. म्हणजे बुरशी एखादा पदार्थ सोडत होती. १९३५ मध्ये तेइजिरो याबुता यांनी त्याला जिबरेलिन हे नाव दिलं, आणि १९३८ मध्ये याबुता व युसुके सुमिकी यांनी त्याचे स्फटिक मिळवले. पुढे कळलं की वनस्पतीही जिबरेलिनं तयार करतात. आजवर त्यांचे १३० हून अधिक प्रकार सापडले आहेत, पण संप्रेरक म्हणून प्रत्यक्ष काम करणारे मोजकेच.

१९५० च्या दशकाच्या अखेरीस कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस इथे रॉबर्ट वीव्हर यांनी थॉमसन सीडलेसवर जिबरेलिनचे प्रयोग केले आणि मणी मोठे झाले. ती पद्धत पुढे जगभरच्या बागांत गेली. आजही बाजारातलं जीए त्याच बुरशीला मोठ्या टाक्यांमध्ये आंबवून तयार होतं.

पेशीच्या आत नेमकं काय होतं?

पेशीत 'डेला' नावाची प्रथिनं असतात. त्यांचं काम ब्रेकचं. वाढीशी संबंधित जनुकं चालू होऊ नयेत म्हणून ती अडवून धरतात. जिबरेलिन हा ब्रेक थेट सोडत नाही, तो ब्रेकच नष्ट करवतो. कसं ते टप्प्याटप्प्याने पाहू.

१. जिबरेलिनचा रेणू पेशीतल्या 'जीआयडी-१' या ग्राही प्रथिनाच्या खोबणीत बसतो. हे ग्राही प्रथिन २००५ मध्ये जपानमधल्या नागोया विद्यापीठाच्या मियाको उएगुची-तानाका, माकोतो मात्सुओका आणि सहकाऱ्यांनी भातात शोधलं.

२. रेणू आत बसला की खोबणीवर झाकण बंद होतं आणि ग्राही प्रथिनाचा आकार बदलतो. आता डेला त्याला येऊन चिकटू शकतं.

३. चिकटलेल्या डेलावर पेशी 'युबिक्विटिन' या छोट्या प्रथिनाची खूण लावते. खूण म्हणजे 'हे मोडीत काढा' असा आदेश. ही खूण लावून प्रथिनं मोडण्याची यंत्रणा उलगडल्याबद्दल २००४ चं रसायनशास्त्राचं नोबेल दिलं गेलं.

४. 'प्रोटिआझोम' नावाचं यंत्र खूण लागलेल्या डेलाचे तुकडे करतं.

५. ब्रेक गेल्यावर वाढीची जनुकं चालू होतात. पेशीभित्ती सैल करणारी प्रथिनं बनतात, पेशी पाणी ओढून घेते आणि ताणली जाते.

फुलोऱ्यानंतर सुरुवातीच्या काही आठवड्यांत मण्यातल्या पेशींचं विभाजन होतं. मग विभाजन मंदावतं आणि आहेत त्याच पेशी फुगतात. मण्यात पाणी उतरायला लागलं की पेशींची संख्या ठरून गेलेली असते. म्हणून जीएची वेळ दिवसांच्या हिशेबाने पाळावी लागते. घडाचा देठ लांब होऊन मण्यांना जागा मिळावी म्हणून एक फवारणी फुलोऱ्याच्या आधी होते. मणी ३-४ आणि ६-७ मिलिमीटरचे असताना घड जीएच्या द्रावणात बुडवतात, त्याला बागेत 'डिपिंग' म्हणतात. मेसेजमधलं 'इंजेक्शन' बहुधा यावरूनच आलं असावं.

मात्रा साधारण १० ते ४० पीपीएम. १० पीपीएम म्हणजे १०० लिटर पाण्यात फक्त १ ग्रॅम. ती वाढवून फायदा होत नाही. जीए जास्त झालं तर देठ जाड आणि कडक होतो, मणी गळतात, साल जाड होते आणि गोडी उशिरा येते.

मग उन्हाळ्यात तेच जिबरेलिन नको का?

थंड देशांत हिवाळ्यात द्राक्षवेल झोपी जाते. नाशिकला ती तशी झोपत नाही. म्हणून इथे वर्षात दोनदा छाटणी आणि एकदा पीक, अशी पद्धत आहे. एप्रिलमध्ये खरड छाटणी, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये गोडी छाटणी. घड दिसतात ते गोडी छाटणीनंतर. पण घड येणार की नाही, हे ठरतं खरड छाटणीनंतरच्या साधारण ४० ते ६० दिवसांत. मे-जूनमध्ये नव्या काडीवरच्या डोळ्यात, डोळ्यांना न दिसणाऱ्या आकारात, पुढच्या हंगामाचा घड तयार होतो. बागायतदार त्याला 'सूक्ष्म घडनिर्मिती' म्हणतात.

द्राक्षवेलीत घड आणि बाळी, म्हणजे वेल ज्याने आधार पकडते तो वळलेला तंतू, हे दोन्ही सुरुवातीला एकाच प्रकारच्या उंचवट्यातून वाढतात. त्याचं पुढे काय व्हायचं, हे संप्रेरकांवर ठरतं. सी. श्रीनिवासन आणि मायकेल मुलिन्स यांच्या कामातून १९८१ पर्यंत हे स्पष्ट झालं होतं: सायटोकायनिन हे संप्रेरक त्या उंचवट्याला घडाकडे नेतं, जिबरेलिन बाळीकडे.

याचा ठोस जनुकीय पुरावा २००२ मध्ये मिळाला. ऑस्ट्रेलियातल्या पॉल बॉस आणि मार्क थॉमस यांनी पिनो म्यूनिए या शॅम्पेनसाठी वापरल्या जाणाऱ्या जातीचा अभ्यास केला. या वेलीच्या फक्त बाहेरच्या पेशीथरात एक जनुकीय बदल आहे. त्या थरापासून त्यांनी पूर्ण वेल वाढवली, तेव्हा ती बुटकी निघाली आणि बाळ्यांच्या जागी तिला घडच घड आले. बदल होता डेलाच्या जनुकात. तिचा ब्रेक जिबरेलिनला मोडता येत नव्हता.

अशाच न मोडणाऱ्या डेलाने भारताची भूकही भागवली आहे. नॉर्मन बोरलॉग यांच्या बुटक्या गव्हात हाच प्रकार असल्याचं १९९९ मध्ये इंग्लंडमधल्या जॉन इन्स सेंटरच्या संशोधकांनी दाखवलं. तो गहू जिबरेलिनचा निरोप ऐकत नाही, म्हणून उंच होऊन लोळत नाही आणि ताकद दाण्यात घालतो.

आता बागेतली भीती समजेल. मे-जूनमध्ये ढगाळ हवा, जास्त पाणी, जास्त नत्र मिळालं की काडी जोमाने पळते. डोळ्याला ऊन मिळत नाही आणि वेलीतला तोल जिबरेलिनकडे झुकतो. मग ऑक्टोबरनंतर डोळा फुटतो, पण त्यातून घडाऐवजी बाळी निघते किंवा आलेला घड जिरतो. २०२५ मध्ये महाराष्ट्रात मे महिन्यातच जोरदार पाऊस झाला आणि २६ मे रोजी मोसमी पाऊस मुंबईत पोचला. तेव्हा नाशिकच्या वेली नेमक्या याच नाजूक टप्प्यात होत्या. पाऊस उन्हाळ्यात पडला तरी त्याचा हिशेब दिवाळीच्या सुमारास लागतो आणि तोवर खतं-औषधांवरचा खर्च होऊन गेलेला असतो.

सीसीसी आणि २०१० चा धडा

काडीचा जोम रोखायला शेंडा मारतात, पाणी आणि नत्र कमी करतात. याच कामासाठी 'सीसीसी', म्हणजे क्लोरमेक्वॉट क्लोराइड, फवारलं जायचं. ते वेलीत जिबरेलिन तयार होण्याची साखळी सुरुवातीच्याच टप्प्यावर अडवतं.

अडचण अशी की सीसीसी पानांतून आत शिरतं, वेलीत फिरतं आणि सहजी नाहीसं होत नाही. २०१० च्या हंगामात युरोपला गेलेल्या भारतीय द्राक्षांत त्याचे अंश तिथल्या मर्यादेपेक्षा जास्त आढळले. मर्यादा होती किलोमागे ०.०५ मिलिग्रॅम. माल बंदरांत अडकला, दर कोसळले आणि नाशिकच्या निर्यातदार बागायतदारांना मोठा फटका बसला. ही मर्यादा फार कडक होती. ती ओलांडली म्हणजे फळ विषारी झालं असं नव्हे. पण नियम तो नियम. त्यानंतर निर्यातीच्या द्राक्षांच्या तपासणीत सीसीसीकडेही काटेकोर लक्ष दिलं जाऊ लागलं.

तर मग द्राक्षं खायची की नाही?

खायची, धुऊन. जिबरेलिन ज्या ग्राही प्रथिनाला चिकटून काम करतं, ते जीआयडी-१ आणि डेला ही जोडी वनस्पतींत असते, माणसात नसते. त्यामुळे मणी फुगवणारा निरोप आपल्या पेशींना वाचताच येत नाही. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने जिबरेलिनांना फळांतल्या अंशाच्या कमाल मर्यादेतून सूट दिलेली आहे.

प्रश्न विचारायचाच असेल तर तो कीडनाशकं आणि बुरशीनाशकांचा विचारावा. कोणती फवारली, आणि शेवटची फवारणी व तोडणी यांत ठरलेले दिवस पाळले का? निर्यातीच्या बागेची नोंदणी होते, तोडणीआधी नमुना प्रयोगशाळेत जातो. आपल्या गल्लीतल्या गाडीवर येणाऱ्या द्राक्षाला तशी सक्तीची चाळणी नाही. 'इंजेक्शन'च्या मेसेजमध्ये हा मुद्दा हरवून जातो आणि मोठ्या मण्याकडे बघून आपण उगाच घाबरतो.