मिररलेस कॅमेरा

मिररलेस कॅमेरा (आरसाविरहित कॅमेरा) हा भिंगे बदलता येणाऱ्या डिजिटल कॅमेऱ्यांचा एक प्रकार आहे. एसएलआर कॅमेऱ्यात भिंगातून आलेला प्रकाश आरशावरून परावर्तित होऊन लोलकामार्फत डोळ्यापर्यंत पोहोचतो व छायाचित्र घेताना आरसा वर उचलला जातो. मिररलेस कॅमेऱ्यात प्रकाश थेट संवेदकावर पडतो आणि दृश्य इलेक्ट्रॉनिक व्ह्यूफाइंडरमध्ये दिसते.

इतिहास

पॅनासॉनिकचा ल्युमिक्स जी१ (२००८) हा मायक्रो फोर थर्ड्स प्रणालीचा पहिला कॅमेरा होय. सोनीने २०१३ मध्ये ए७ हा फुल फ्रेम, म्हणजे सुमारे ३६ × २४ मिमी संवेदकाचा, कॅमेरा आणला. निकॉन व कॅनन यांनी त्या आकारात २०१८ मध्ये प्रवेश केला.

निवड

आरसा नसल्याने भिंगाची बैठक संवेदकाजवळ आणता येते. हे अंतर निकॉनच्या जुन्या एफ माउंटमध्ये ४६.५ मिमी होते, तर झेड माउंटमध्ये ते १६ मिमी आहे. त्यामुळे अडॅप्टर लावून जुनी भिंगे नव्या कॅमेऱ्यावर वापरता येतात. उलट मात्र शक्य नसते. घरात एसएलआरची भिंगे असल्यास ही बाब निर्णायक ठरू शकते. नव्याने सुरुवात करणाऱ्याने कॅमेऱ्याआधी त्या माउंटची भिंगे व त्यांच्या किमती पाहणे इष्ट. कॅमेरा बदलला तरी भिंगे बहुधा तीच राहतात.

वापर व मर्यादा

प्रकाशमापनातील बदल छायाचित्र घेण्यापूर्वीच दिसतो, आणि इलेक्ट्रॉनिक शटर आवाज करीत नाही. देहू-आळंदीच्या परिसरातील कीर्तनात किंवा सभागृहातील कार्यक्रमात हा मोठाच लाभ आहे. परंतु त्यातच एक अडचण दडलेली असते. भारतात वीजपुरवठा ५० हर्ट्‌झचा असल्याने अनेक दिवे सेकंदाला १०० वेळा कमीअधिक उजळतात. बहुतेक संवेदक ओळीओळीने वाचले जात असल्यामुळे अशा उजेडात चित्रावर आडवे पट्टे उमटतात. चिखली, चाकण येथील कारखान्यांच्या शेडमध्ये काम करणाऱ्या छायाचित्रकारास ही बाब विशेष जाणवते. फिरत्या पंख्याची पातीही वाकडी दिसतात. शटरवेग १/५० किंवा १/१०० सेकंद ठेवल्यास पट्टे बरेच कमी होतात. यांत्रिक शटर वापरणे हा दुसरा उपाय, मात्र मग आवाज येतोच.

संवेदक व पडदा सतत चालू राहत असल्याने बॅटरी लवकर संपते. प्रमाणित चाचणीनुसार निकॉन डी८५० या एसएलआरची बॅटरी सुमारे १८४० छायाचित्रांपर्यंत टिकते, तर पहिल्या ए७ची ३४० च्या आसपास. नव्या कॅमेऱ्यांत हे अंतर घटले असले, तरी वारीसारख्या दिवसभराच्या चित्रणास जादा बॅटऱ्या लागतातच. खरेदीच्या हिशेबात त्या धराव्यात.

भिंग काढताच अनेक मिररलेस कॅमेऱ्यांचा संवेदक उघडा पडतो. कॅननच्या ईओएस आर मध्ये कॅमेरा बंद केल्यावर शटरचा पडदा मिटतो, पण ही सोय सर्वत्र नाही. धुळीच्या रस्त्यावर भिंग बदलताना कॅमेऱ्याचे तोंड खाली धरण्याची पद्धत त्यामुळेच रूढ आहे.