वाळवंटात पुरलेला खेळ

गेल्या दिवाळीच्या आवराआवरीत माळ्यावरच्या ट्रंकेत मुलाचा जुना टीव्ही गेम सापडला. पिवळी कॅसेट, तिच्यावर ‘९९९९ इन १’ असा छापा. प्रत्यक्षात खेळ सात-आठच. बाकीचे तेच, नावे बदलून आलेले. २००२ साली आणलेला हा खेळ चार महिने घरात अखंड चालला आणि मग एके दिवशी मुलाने तो आपणहून बाजूला ठेवला. मी मास्तर माणूस. हा माझ्याच शिस्तीचा विजय, असे समजून मनातल्या मनात सुखावलो होतो. पुढे या खेळांचा इतिहास वाचनात आला तेव्हा कळले, की १९८३ साली अवघ्या अमेरिकेतल्या मुलांनी हेच केले होते, आणि तिथे कुणा मास्तराचा हात नव्हता.

१९७२ साली कॅलिफोर्नियातल्या अटारी कंपनीने ‘पाँग’ काढला. पडद्यावर दोन पट्ट्या आणि एक ठिपका, एवढाच काय तो संसार. पहिले यंत्र एका दारूच्या गुत्त्यात ठेवले होते. ते बिघडल्याची तक्रार आली म्हणून उघडून पाहिले, तर नाण्यांचा डबा तुडुंब भरल्यामुळे यंत्र अडले होते! १९७७ साली अटारीने घरच्या टीव्हीला जोडायचे यंत्र आणले आणि १९८० नंतर तर अमेरिकेत कॅसेटींचा पूर आला.

पण कंपनीची मालकी आता वॉर्नर या बड्या उद्योगसमूहाकडे होती, आणि खेळ रचणाऱ्याचे नाव कुठेही छापायचे नाही असा तिथला खाक्या. वॉरन रॉबिनेट नावाच्या रचनाकाराने आपले नाव खेळातल्याच एका गुप्त खोलीत दडवून ठेवले. दुसऱ्या काहींनी १९७९ साली बाहेर पडून ‘ॲक्टिव्हिजन’ ही स्वतंत्र कंपनी थाटली. ते कसबी लोक होते. पण त्यांनी उघडलेल्या दारातून पुढे वाटेल तो आत शिरला. ओटचे पीठ विकणाऱ्या कंपनीने खेळांचा विभाग काढला, कुत्र्यांचे खाद्य विकणारीने जाहिरातीसाठी खेळ काढला! खुद्द अटारीने ‘ई.टी.’ चित्रपटावरचा खेळ १९८२च्या नाताळाला दुकानांत हवा म्हणून हॉवर्ड वॉरशॉ या एकट्याकडून जेमतेम पाच आठवड्यांत करून घेतला. त्यात ते परग्रहावरचे पोर पुन्हा पुन्हा खड्ड्यात पडे, आणि खेळणाऱ्याचा जीव मेटाकुटीला येई.

मग बाजार कोसळला. तीस-चाळीस डॉलरची कॅसेट पाच डॉलरला टोपलीत पडली. घरगुती संगणक स्वस्त झाले हेही एक कारण होतेच, पण माझ्या मते खरे कारण विश्वास उडाला हे. चित्र पाहून खोके घ्यावे आणि आत कचरा निघावा, असे तीनदा झाले की पोर चौथ्यांदा हट्ट धरत नाही. सप्टेंबर १९८३ मध्ये अटारीने न खपलेल्या कॅसेटी न्यू मेक्सिकोतल्या अलामोगोर्डो गावाच्या कचराभूमीत पुरल्या. कित्येकांना ही दंतकथाच वाटे. २०१४ साली उकरले तेव्हा ‘ई.टी.’ निघालाच, पण त्याच्या शेजारी लोकांनी आवडीने खेळलेले चांगले खेळही निघाले. सुक्याबरोबर ओलेही जळाले होते.

गोडी परत आणली ती जपानातल्या क्योतो शहरातल्या निन्तेन्दोने. ही कंपनी मूळची पत्ते करणारी, १८८९ सालची. (पत्त्यांना जपानीत ‘कारुता’ म्हणतात, शब्द पोर्तुगीज आहे. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी तो तिकडे नेला, आणि त्यांच्या पूर्वेकडच्या कारभाराची राजधानी होती आपल्या शेजारचा गोवा!) १९८५ साली ते न्यूयॉर्कला आले तेव्हा दुकानदार ‘व्हिडिओ गेम’ हा शब्दही ऐकून घेईनात. म्हणून यंत्राचे नाव बदलले, सोबत एक खेळण्यातला रोबो दिला आणि न खपलेला माल परत घेण्याची हमी दिली. शिवाय यंत्रात असे कुलूप बसवले, की परवान्याशिवाय कुणाची कॅसेट चालू नये. आणि परवानाधारकालाही वर्षाला पाचच खेळ काढण्याची मुभा. यात मक्तेदारीचा वास होता हे खरेच. पण कचरा बराचसा आटला.

आणि होता मारिओ. शिगेरु मियामोतो हा त्याचा कर्ता. लहानपणी गावाबाहेरच्या डोंगरात, गुहांत भटकलेला. १९८५च्या ‘सुपर मारिओ ब्रदर्स’चा पहिला टप्पा कुणाही शिक्षकाने अभ्यासावा. सूचना एकही नाही. मोकळी जागा दिसते, पोर चालते. समोरून शत्रू येतो, पोर एकदा मरते आणि उडी मारायला शिकते. पहिलीच्या पुस्तकाचा पहिला धडा असा लिहिता आला तर!

दिवाळीला मुलगा पुण्याहून आला. त्याच्या मोबाईलमध्ये चाळीसेक खेळ आहेत, त्यांतला एकही महिनोन् महिने उघडलेला नाही, असे तोच म्हणाला. पिवळी कॅसेट पाहून त्याने नव्या टीव्हीमागची भोके शोधली, वायरी खोचल्या, कॅसेटीत फुंकर मारली. तिसऱ्या फुंकरीला मारिओ उभा राहिला. फराळाचे ताट तसेच ठेवून तो तासभर खेळला आणि मग रिमोट माझ्या हातात दिला. मी चार पावले चाललो आणि मेलो.

“बाबा, ते समोरून येतंय ना, त्याच्या डोक्यावर उडी मारायची,” तो म्हणाला. “परत करा.”