नाट्यप्रयोग आणि राजसत्ता

इ. स. पू. ४९४ मध्यें इराण्यांनीं मिलेटस घेतलें. फ्रिनिखसानें त्यावर नाटक रचितांच प्रेक्षक रडले. स्वकीयांच्या दुःखाची आठवण दिली म्हणून अथेन्सवासीयांनीं त्यास १००० द्राख्मा दंड करून तें नाटक बंद केलें, असें हिरॉडोटस सांगतो. ही बंदी, आमच्या मतें, प्रेक्षकांनींच स्वतःवर घातलेली होती. खाडिलकरांच्या ‘कीचकवधा’ची (१९०७) गोष्ट निराळी. कथा महाभारतांतली, समकालीन नांव एकही नाहीं. तरी कीचकांत लॉर्ड कर्झन लोकांनीं ओळखिला, व १९१० सालीं परक्या सरकारनें प्रयोग थांबविले. पेण व रोहें हीं तत्कालीन कुलाबा जिल्ह्यांतील गांवें मुंबई इलाख्यांतच मोडत. तेथील रसिकांसही भीमाचा हा पराक्रम रंगभूमीवर पाहण्याची मग चोरी झाली.