‘संज्ञाप्रवाह’: एका पदाचा वापर आणि गैरवापर

‘स्ट्रीम ऑफ कॉन्शसनेस’ या इंग्रजी पदाला मराठीत ‘संज्ञाप्रवाह’ हा प्रतिशब्द रूढ झाला. पुढे पुढे कोणतेही स्मरणरूप, प्रथमपुरुषी किंवा विरामचिन्हे गाळलेले निवेदन ‘संज्ञाप्रवाही’ ठरू लागले. या सैल वापराचे मूळ पदाच्या इतिहासाकडे झालेल्या दुर्लक्षात आहे.

हे पद मुळात साहित्यविचारातले नव्हे. अलेक्झांडर बेनच्या १८५५ च्या मानसशास्त्रविषयक ग्रंथात ते आढळते. त्याला सैद्धांतिक वजन दिले ते विल्यम जेम्सने, १८९० च्या ‘प्रिन्सिपल्स ऑफ सायकॉलॉजी’मध्ये. जेम्सचा रोख साहचर्यवादावर होता. जाणीव ही सुट्या कल्पनांची साखळी नसून सलग वाहणारी आहे, आणि ठळक प्रतिमांइतकीच त्यांच्यामधली अस्फुट संक्रमणेही तिच्यात खरी असतात, असे त्याचे प्रतिपादन. म्हणजे येथे वर्णन आहे ते जाणिवेच्या स्वरूपाचे, लेखनपद्धतीचे नव्हे. १९१८ मध्ये मे सिंक्लेअर यांनी ‘द ईगोइस्ट’मध्ये डोरोथी रिचर्डसन यांच्या कादंबऱ्यांविषयी लिहिताना ते वापरले आणि पद समीक्षेत आले. खुद्द रिचर्डसन यांना ते मुळीच रुचले नाही, ही गोष्ट आपल्याकडे क्वचितच सांगितली जाते.

याउलट ‘आंतरिक स्वगत’ हे तंत्राचे नाव. एदुआर द्यूजार्दँ या फ्रेंच लेखकाने ते १८८७ मध्येच एका संपूर्ण कादंबरीभर वापरले होते, आणि जॉइसने त्याचे ऋण मान्य केले. ‘युलिसिस’च्या (१९२२) अखेरच्या प्रकरणात मॉलीच्या मनात चाललेले सारे तिच्याच शब्दांत येते. ‘मिसेस डॅलोवे’त (१९२५) मात्र निवेदक तृतीयपुरुषीच राहतो, व्हर्जिनिया वुल्फ पात्राची जाणीव निवेदकाच्या वाक्यात मिसळून देतात. द्रव्य एक, तंत्रे दोन. दोन्ही पदे समानार्थी मानली की हा भेद दाखवायला शब्दच उरत नाही.

मराठी प्रतिशब्दाचीही एक अडचण आहे. ‘संज्ञा’ म्हणजे जाणीव, तशीच पारिभाषिक नावही. आणि बौद्ध परिभाषेत तर संज्ञा व विज्ञान हे वेगवेगळे स्कंध आहेत. तरीही शब्द बदलण्याचा खटाटोप व्यर्थ होय. तो रुळला आहे.

प्रश्न आहे तो मर्ढेकरांच्या ‘रात्रीचा दिवस’चा (१९४२). लयतत्त्वाचा आग्रह धरणाऱ्या या लेखकाच्या कादंबरीला ‘संज्ञाप्रवाही’ म्हणून मोकळे होणे म्हणजे तिचे केवळ द्रव्य सांगणे. त्या द्रव्याला वाक्यरचनेतून आकार कसा मिळतो, निवेदक कोठे मागे सरतो, कोठे पुन्हा पुढे येतो, याचे पानोपान विश्लेषण त्या विशेषणानंतर सुरू व्हायला हवे. आपल्याकडे बहुधा ते तिथेच थांबते.