अंगण खरंच वाकडं होतं : इनपुट लॅगची गोष्ट

मागच्या भागानंतर बऱ्याच जणांचा एकच प्रश्न आला. 'दादा, पीसी चांगला आहे, एफपीएस भरपूर आहे, पिंगपण कमी आहे, तरी क्लिक केल्यावर गोळी उशिरा का सुटते?' उत्तर दोन मिनिटांत देता आलं असतं. पण या प्रश्नाला सव्वादोनशे वर्षांचा इतिहास आहे आणि त्यात माझी स्वतःची एक चूकही आहे. म्हणून आज पूर्ण भाग यावरच. ज्यांना ऐकायला जमत नाही, त्यांच्यासाठी हा लिखित मजकूर.

आधी चूक सांगतो. 2015 साल, नाशिक. आमची पाच जणांची काउंटर-स्ट्राइकची टीम होती. पाचवा होता मंदार, म्हणजे आमचा मंद्या. गेमिंग कॅफेत तो बरा खेळायचा. पण घरून ऑनलाइन खेळायला बसला की समोरचा माणूस दिसून, क्लिक होऊन, गोळी सुटेपर्यंत हाच मेलेला असायचा. मंद्या म्हणायचा, 'अरे, माझ्याकडे काहीतरी अडकतंय.' आम्ही पिंग बघायचो, तर 40. मग आम्ही म्हणायचो, 'नेट ठीक आहे, म्हणजे तुझे हातच स्लो. नाचता येईना, अंगण वाकडं.' वर नावावरून चेष्टा होतीच. बिचाऱ्याने पॉकेटमनी साठवून महागातला गेमिंग माउसही घेतला. फरक शून्य. कॉलेजच्या स्पर्धेआधी आम्ही त्याला टीममधून काढला.

आता 2015 मधून थेट 1796 मध्ये जाऊ. लंडनजवळची ग्रीनिच वेधशाळा. तिथे प्रमुख होते नेव्हिल मास्केलिन आणि त्यांचे सहायक होते डेव्हिड किनब्रुक. काम काय, तर दुर्बिणीतून तारा बघायचा. दुर्बिणीत बारीक उभ्या तारा लावलेल्या असतात. आकाशातला तारा त्या रेषेवरून कधी जातो, ते सेकंदाच्या दहाव्या भागापर्यंत लिहायचं. डोळा दुर्बिणीला आणि कान घड्याळाच्या टिकटिकीकडे. मास्केलिन यांच्या लक्षात आलं की किनब्रुक यांची नोंद आपल्यापेक्षा उशिराची येते. 1795 मध्ये फरक अर्ध्या सेकंदाचा होता, 1796 च्या जानेवारीत तो 0.8 सेकंदावर गेला. समज देऊनही सुधारणा होईना, तेव्हा किनब्रुक यांची नोकरी गेली.

पुढे 1820 च्या सुमारास फ्रीडरिश बेसेल या जर्मन खगोलशास्त्रज्ञाने हा प्रसंग वाचला आणि त्याला वेगळीच शंका आली. हा निष्काळजीपणा नसेल तर? त्याने नावाजलेल्या निरीक्षकांच्या नोंदींशी स्वतःच्या नोंदी ताडून पाहिल्या. तिथेही फरक निघाला! डोळ्याने बघणं, कानाने ऐकणं आणि मेंदूने दोन्ही जुळवणं याला वेळ लागतो आणि तो प्रत्येकाचा वेगळा असतो. खगोलशास्त्रात याला पर्सनल इक्वेशन असं नाव पडलं. मास्केलिन यांनी स्वतःची नोंद बरोबर धरली आणि दुसऱ्याची चूक मोजली. किनब्रुक यांना हे कधीच कळलं नाही, कारण ते 1802 मध्येच वारले होते.

1850 मध्ये हेल्महोल्ट्झ यांनी बेडकाच्या मज्जातंतूवर प्रयोग करून संदेशाचा वेगच मोजला. तो सेकंदाला साधारण 30 मीटर निघाला. तोवर हा वेग मोजताच येणार नाही, असं मोठमोठे लोक मानत होते. म्हणजे आपल्या आतही लॅग आहे. स्क्रीनवर काही दिसल्यापासून बोट हलेपर्यंत साधारण 200 ते 250 मिलिसेकंद जातात. हा खर्च सगळ्यांनाच आहे. गंमत म्हणजे यंत्राचा खर्च यावर जमा होतो, आणि नाव मात्र हातांचं खराब होतं.

मग यंत्राचा खर्च कुठून आला? सुरुवातीला तो जवळजवळ नव्हताच. 1958 मध्ये अमेरिकेतल्या ब्रुकहेवन प्रयोगशाळेत विल्यम हिगिनबॉथम यांनी पाहुण्यांसाठी 'टेनिस फॉर टू' नावाचा खेळ बनवला. ॲनालॉग कॉम्प्युटर आणि ऑसिलोस्कोपचा छोटा गोल पडदा. हातातल्या घुंडीने फटक्याचा कोन ठरायचा आणि विजेचा दाबच ठिपका हलवायचा. मध्ये विंडोज नाही, ड्रायव्हर नाही, रांग नाही.

1968 मध्ये आयबीएमच्या रॉबर्ट मिलर यांनी कॉम्प्युटरने किती वेळात उत्तर द्यावं यावर निबंध लिहिला. माणसाने बटण दाबल्यावर यंत्राने ते 'ऐकलं' असं वाटायला हवं असेल, तर साधारण 0.1 सेकंदात काहीतरी दिसलं पाहिजे, असा त्यांचा हिशोब. 0.1 सेकंद म्हणजे 100 मिलिसेकंद. हा आकडा लक्षात ठेवा.

पुढे घरोघरी कॉम्प्युटर आले. 2017 मध्ये डॅन लू या इंजिनिअरने जुनी-नवी यंत्रं गोळा करून कॅमेऱ्याने मोजमाप केलं. की दाबल्यापासून अक्षर दिसेपर्यंत किती वेळ जातो? 1983 चं ॲपल टू-ई सुमारे 30 मिलिसेकंदांत मोकळं झालं. त्याच्या यादीतले कितीतरी नवे लॅपटॉप 100 च्या आसपास होते. प्रोसेसर हजारो पटींनी वेगवान, पण उत्तर उशिरा. असं कसं?

कारण मध्ये टोलनाके वाढले. जुन्या कॉम्प्युटरचा रस्ता सरळ होता. आता एका क्लिकचा प्रवास बघा. पहिला नाका माउस. पूर्वीच्या पीएस-टू पोर्टवर माउस स्वतः प्रोसेसरला हाक मारायचा. 1996 मध्ये यूएसबी आली आणि पद्धत उलटी झाली. आता कॉम्प्युटर ठरावीक वेळाने विचारतो, 'काही आहे का?' साध्या माउसला सेकंदाला 125 वेळा विचारतो, म्हणजे दर 8 मिलिसेकंदांनी. गेमिंग माउसला 1000 वेळा, म्हणजे दर 1 मिलिसेकंदाने. मंद्याच्या महागड्या माउसने जास्तीत जास्त 7 मिलिसेकंद वाचवले असतील.

दुसरा नाका ग्राफिक्सची रांग. चित्र गुळगुळीत हलावं म्हणून प्रोसेसर पुढच्या फ्रेमची तयारी आधीच करून ठेवतो. डायरेक्ट-एक्समध्ये अशा तीन फ्रेमपर्यंत रांग लागू शकते. 60 एफपीएसला एक फ्रेम 16.7 मिलिसेकंदांची, म्हणजे तीन फ्रेमचे 50! तुम्ही आत्ता केलेली क्लिक रांगेच्या शेवटी उभी राहते. त्यावर व्ही-सिंक चालू असेल तर तयार झालेली फ्रेमसुद्धा स्क्रीनच्या पुढच्या ठोक्याची वाट बघते. चित्र फाटत नाही, पण किंमत वेळात मोजावी लागते.

तिसरा नाका विंडोज. व्हिस्टापासून सगळ्या खिडक्या आधी एकत्र रंगवून मग स्क्रीनवर पाठवायची पद्धत आली. त्यामुळे खिडकीत चालणाऱ्या गेमला बऱ्याचदा आणखी एका फ्रेमचा उशीर लागायचा. म्हणून जुने खेळाडू अजून 'फुलस्क्रीन लाव' म्हणतात.

आणि चौथा नाका, जिथे आमची सगळ्यात मोठी फसगत झाली, तो म्हणजे पडदा. जुन्या काचेच्या सीआरटी मॉनिटरवर आलेला सिग्नल इलेक्ट्रॉनचा झोत लगेच रंगवायचा. एलसीडी टीव्ही तसं करत नाही. तो आलेलं चित्र साठवतो, आपल्या मापात ताणतो, रंग सुधारतो आणि हालचाल गुळगुळीत दिसावी म्हणून दोन फ्रेमच्या मध्ये एक नवी फ्रेम स्वतः बनवतो. आता मधली फ्रेम बनवायची तर पुढची हातात हवीच ना! म्हणजे थांबणं आलं. सिनेमाला चालतं, कारण आवाजही तेवढाच मागे ठेवता येतो. खेळाला नाही चालत.

'क्वेक'वाले जॉन कार्मॅक यांचं उदाहरण इथे फिट बसतं. 1996 मध्ये त्यांनी 'क्वेकवर्ल्ड' आणून नेटच्या लॅगवर उपाय दिला. सर्व्हरच्या उत्तराची वाट न बघता तुमचा कॉम्प्युटर तुमची हालचाल आधीच दाखवायला लागला. आणि त्याच कार्मॅक यांनी 2012 मध्ये वैतागून लिहिलं की अमेरिकेतून युरोपला पॅकेट लवकर पोचतं, पण माझ्याच समोरच्या स्क्रीनवर एक पिक्सेल पोचायला जास्त वेळ लागतो. पिंग हे फक्त नेटचं मोजमाप आहे. माउस ते पडदा या रस्त्याबद्दल पिंग काहीच सांगत नाही. आम्ही मंद्याचा पिंग बघून निकाल दिला होता!

हे मला कळलं 2020 च्या लॉकडाऊनमध्ये. मी पुण्याहून पीसी उचलून घरी आणला. मॉनिटर तिथेच राहिला, म्हणून हॉलमधला टीव्ही जोडला. पहिल्याच मॅचला मीच मंद्या झालो. तेच हात, तोच पीसी, तोच माउस, आणि तरी माझी गोळी उशिरा. आधी वाटलं, वय झालं. मग आठवलं की मंद्यासुद्धा घरी टीव्हीवरच खेळायचा. मॉनिटर घ्यायला त्याच्याकडे पैसे नव्हते.

मी फोन काढला, 240 एफपीएसचा स्लो-मोशन लावला आणि माउसवरचं बोट व टीव्ही दोन्ही एका चौकटीत घेतले. नंतर व्हिडिओ एकेक फ्रेम पुढे सरकवत मोजलं. क्लिकपासून बंदुकीचा उजेड दिसेपर्यंत 34 फ्रेम. एक फ्रेम सुमारे 4.2 मिलिसेकंदांची, म्हणजे 142. मिलरसाहेबांच्या 100 च्या बरंच वर. मग टीव्हीच्या मेनूत गेम मोड चालू केला, बाकी कशालाही हात लावला नाही. आता 15 फ्रेम, म्हणजे सुमारे 62. एका बटणात 80 मिलिसेकंद गेले.

मंद्या कॅफेत बरा खेळायचा आणि घरी वाईट. हात दोन्हीकडे तेच होते. पुरावा आमच्या डोळ्यांसमोर होता, आणि आम्ही त्याचा अर्थ लावला तो चेष्टेत.

आता तुमच्यासाठी क्रम सांगतो. पहिली गोष्ट म्हणजे आधी मोजा, मग खर्च करा. वर सांगितलं तसं फोनने शूट करा, निदान पाच वेळा, आणि सरासरी घ्या. दुसरी, टीव्ही असेल तर गेम मोड लावा आणि हालचाल गुळगुळीत करणारे पर्याय बंद करा. तिसरी, विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये जाऊन रिफ्रेश रेट बघा. 144 हर्ट्झचा मॉनिटर घेऊन तो 60 वर चालवणारे खूप जण आहेत. डॅन लूच्या मोजणीत एकाच पीसीला 60 हर्ट्झवर 80 मिलिसेकंद लागले आणि 165 वर 50. चौथी, व्ही-सिंक बंद करून बघा. स्क्रीन फाटलेली चालत नसेल तर जी-सिंक किंवा फ्रीसिंक आहे का पाहा. त्यात स्क्रीनच फ्रेमची वाट बघते. पाचवी, गेममध्ये रिफ्लेक्ससारखा रांग कमी करणारा पर्याय असेल तर चालू करा. तो 2020 मध्ये आला. ग्राफिक्स कार्ड कायम 99 टक्क्यांवर असेल तर सेटिंग थोडी उतरवा किंवा एफपीएसला मर्यादा लावा, रांग आपोआप मोकळी होईल. माउस सगळ्यात शेवटी. आणि महत्त्वाचं, एका वेळी एकच गोष्ट बदला आणि परत मोजा. पाच गोष्टी एकदम बदलल्या तर कशाने फरक पडला ते कळणार नाही.

त्या रात्री मी मंद्याला फोन केला. पाच वर्षांत लग्नाच्या शुभेच्छांपलीकडे बोलणं नव्हतं. मी 142, 62, गेम मोड सगळं सांगितलं. तो ऐकून घेऊन म्हणाला, 'म्हणजे मी म्हणत होतो ते खरं होतं.' मी म्हटलं, 'हो रे, अंगण खरंच वाकडं होतं. सॉरी.' तो हसला. म्हणाला, 'पीसी तर मी तेव्हाच विकला. मला वाटलं, आपल्याला जमतच नाही.'

80 मिलिसेकंद परत मिळाले, पण त्याची ती स्पर्धा काही परत मिळाली नाही. तेव्हा तुमच्या टीममधला कुणी 'माझ्याकडे अडकतंय' म्हणाला, तर चेष्टा करण्याआधी त्याला फोनचा स्लो-मोशन लावायला सांगा. दोन मिनिटांचं काम आहे.

तुमच्या सेटअपवर किती फ्रेम आल्या ते मला कळवा, टीव्ही आहे की मॉनिटर तेही लिहा. भेटू पुढच्या भागात. तोवर खेळत राहा, आणि मोजत राहा!